ड्रायव्हरच्या पायाखालचं पाणी अखेर सापडलं

मंडळी, माझ्या मारुती 800 चं ड्रायव्हर बाजूचं कार्पेट कोरडं आहे! काल रात्री पुण्यात दोन तास धो धो पाऊस झाला. सकाळी चप्पल काढून तळव्याने दाबून बघितलं, ओलाव्याचा मागमूस नाही.

मागच्या वेळी लिहिलं होतं की नाना पेठेतून आणलेलं लोकल बीडिंग (दाराच्या चौकटीचं रबर) लावल्यावर दारच लागेना. ते काढून टाकलं. त्याची पोकळ नळी बोटाने दाबली तरी दबत नव्हती, म्हणून मी स्ट्रायकर (दाराचं लॉक ज्यात अडकतं तो चौकटीवरचा भाग) दोनेक मिलिमीटर बाहेर घेतला होता. तसं करू नका. दार मागच्या दाराच्या पातळीत बसत नाही आणि वरच्या कोपऱ्यात फट राहते. शेवटी कंपनीचं रबर मागवलं, स्ट्रायकर जुन्या खुणेवर आणला. कोपऱ्यात रबर अजिबात ताणलं नाही, उलट किंचित जास्तच कोंबलं, कारण ताणलेलं रबर पुढे आकसून कोपरा सोडतं. जोड खाली उंबऱ्यावर घेतला. आता दोन बोटांनी ढकललं की दार भरीव 'ठप्' करून लागतं. 1994 च्या गाडीचा हा आवाज मी पाच-सहा वेळा लावून ऐकला.

आणि तरीही रबर बदलल्यानंतरच्या पहिल्याच पावसात मॅटखाली तळं होतं!

कागदाची पट्टी दारात अडकवून चारी बाजूंनी ओढून पाहिली, सगळीकडे घट्ट. मग मुलीला टॉर्च देऊन आत बसवलं आणि बाहेरून काचेवर मगाने पाणी सोडत राहिलो. तिसऱ्या मगाला ती ओरडली, "बाबा, वरून नाही येत! पॅडच्या खालून येतंय!" (पॅड म्हणजे दाराचं आतल्या बाजूचं आवरण.)

तिथे उलगडा झाला. काचेलगतची बाहेरची पट्टी सगळं पाणी कधीच अडवत नाही. थोडं पाणी दाराच्या पोटात उतरणारच, ते तळाच्या भोकांतून बाहेर पडायचं असतं. पॅडमागचा प्लास्टिकचा कागद ते केबिनकडे येऊ देत नाही. काच फिरवायच्या हँडलमागे फडकं घालून दोन्ही टोकांनी पुढेमागे घासलं, क्लिप निघाली (दुसरा हात आड धरा, ती उडते). पॅड उघडला तर कागद अर्धाच! कधीकाळी स्पीकर बसवणाऱ्याने तो सरळ फाडून टाकला होता. तळाची भोकंही चिखलाने बुजलेली. सायकलच्या तारेने टोचल्यावर गढूळ पाण्याची धार लागली, ती थांबेपर्यंत मी तिथेच उकिडवा बसून होतो.

नवा कागद 200 मायक्रॉनच्या पॉलिथिनचा कापला आणि ब्यूटाइल टेपने (मऊ, चिकट रबरी पट्टी) चिकटवला. सिलिकॉन लावू नका. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्याला गंज आणतं, शिवाय पुढच्या वेळी पॅड उघडताना कागद फाटतो. ब्यूटाइल सोलून पुन्हा दाबता येतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कागदाची खालची कड पत्र्यातल्या खाचेतून दाराच्या आत सोडायची. ती पॅडच्या बाजूला राहिली तर कागदावरून ओघळलेलं पाणी थेट कार्पेटवर येतं. पहिल्यांदा मी नेमकी तीच चूक केली, पुन्हा उघडावं लागलं.

या रविवारी उरलेल्या तीन दारांचं रबर मागवणार होतो. पण हे लिहितानाच लक्षात आलं की डाव्या मागच्या दाराचं जुनं रबर अजून लवचिक आहे, तरी तिथलं कार्पेट दमट असतं. स्पीकर त्याही दारात आहे. म्हणजे ऑर्डर थांबवतो, आधी तिन्ही पॅड उघडतो, भोकं मोकळी करतो. पॉलिथिन पुरेसं उरलंय, ब्यूटाइलचा एक रोल लागेल. डिकीच्या रबराचं काम त्यानंतर.