टॅब्लेटसाठी मॉनिटर: चार फेऱ्यांचा वृत्तांत आणि मागून जाणाऱ्यांसाठी सूचना

‘सी-टाइप पोर्ट आहे ना, मग कोणताही मॉनिटर चालेल,’ हे वाक्य मला पहिल्याच फेरीत तीन दुकानांत ऐकायला मिळाले आणि तिन्ही ठिकाणी ते चुकीचे निघाले. त्या एका वाक्यावर विश्वास ठेवल्यामुळे माझा एक पूर्ण दिवस आणि एकूण तरतुदीचा आठवा हिस्सा वाया गेला. हा वृत्तांत मुख्यतः त्या दिवसासाठी लिहीत आहे.

माझी गरज साधी होती. अकरा इंची टॅब्लेटवर मुद्रिते तपासताना मान आखडत होती, लॅपटॉप घेण्याइतके पैसे नव्हते, आणि टॅब्लेट उत्तम चालत असल्यामुळे त्यालाच मोठा पडदा जोडावा असे ठरवले. वाचणाऱ्याकडे टॅब्लेट, ब्लूटूथ कीबोर्ड, माउस आणि दुकाने पालथी घालण्याइतके पायांत बळ आहे, असे मी गृहीत धरतो. कीबोर्ड-माउस नसतील तर आधी ते घ्यावेत. त्यांच्यावाचून प्रत्येक स्पर्शासाठी मान पुन्हा टॅब्लेटकडे वळते आणि मोठ्या पडद्याचा उद्देशच उरत नाही.

पहिल्या फेरीत मी १५.६ इंची पोर्टेबल मॉनिटर पाहायला गेलो, कारण तो हलका असतो, एकाच केबलीवर चालतो आणि जाहिरातीतल्या चित्रांत टॅब्लेटशेजारी शोभून दिसतो. टॅब्लेटबरोबर आलेली चार्जिंगची केबल मी सोबत नेली होती. ती जोडताच मॉनिटर उजळला, कंपनीचे बोधचिन्ह दिसले आणि मग ‘नो सिग्नल’ अशी पाटी येऊन पडदा काळा झाला. विक्रेत्याने केबल हलकी असल्याचे सांगून दुसऱ्या दुकानाचा पत्ता दिला. तिथे १०० वॉट असे ठळक छापलेली, जाड, विणीच्या आवरणाची केबल मला विकण्यात आली. ‘एवढे वॉट झेलणारी केबल व्हिडिओ सहज नेईल,’ असे तिथल्या माणसाने छातीठोकपणे सांगितले. अर्धा तास चालत मी पहिल्या दुकानात परतलो, केबल जोडली, आणि पुन्हा तीच पाटी. आता विक्रेत्याच्या मते दोष टॅब्लेटचा होता. केबल परत करायला गेलो, तर पाकीट फोडले म्हणून ती घेतली गेली नाही. त्या दिवशी उन्हात किती चाललो याचा हिशेब मी ठेवला नाही, पण तिसऱ्या दुकानातून बाहेर पडताना टॅब्लेट विकून टाकावा असे खरोखर मनात आले होते.

टॅब्लेटमध्ये काहीही दोष नव्हता. सी-टाइप हे केवळ छिद्राच्या आकाराचे नाव आहे, त्या छिद्रातून काय वाहते हे त्या नावावरून कळत नाही. व्हिडिओ बाहेर काढण्याची जी सोय लागते तिला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड म्हणतात. व्हेसा या संस्थेने ती २०१४ साली जाहीर केली, आणि ती प्रत्येक यंत्रात असावीच असे कोणतेही बंधन नाही. ती टॅब्लेटमध्ये असली तरी केबलीत वेगवान तारांच्या जोड्या असाव्या लागतात. चार्जिंगच्या केबलीत त्या जोड्या नसतात, फक्त वीज आणि ४८० मेगाबिट प्रतिसेकंद वेगाचा यूएसबी २.० डेटा यांच्या तारा असतात. वॉट हे विजेचे माप असून त्याचा व्हिडिओशी काडीचाही संबंध नाही. १०० वॉटची महागडी केबल आतून यूएसबी २.० असू शकते आणि साध्या दिसणाऱ्या आखूड केबलीतून चित्र उत्तम जाऊ शकते. पाकिटावर वेग शोधावा: ५, १० किंवा २० गिगाबिट प्रतिसेकंद असे स्पष्ट लिहिले नसेल तर ती केबल मॉनिटरसाठी घेऊ नये, मग विकणारा काहीही म्हणो.

दुसऱ्या फेरीपूर्वी मी टॅब्लेटच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरील तांत्रिक तपशील वाचले. हे काम पहिल्या दिवशीच करायला हवे होते. तिथे ‘डिस्प्लेपोर्ट’, ‘व्हिडिओ आउट’ किंवा बाह्य पडद्याचे कमाल रिझोल्युशन (म्हणजे आडव्या-उभ्या पिक्सेलांची संख्या) यांपैकी काही लिहिलेले असेल तर पुढे जावे. फक्त ‘यूएसबी २.०’ असे लिहून विषय संपवला असेल, तर अँड्रॉइडचे बहुतेक टॅब्लेट तारेने मॉनिटरला जोडता येत नाहीत असे समजावे. मात्र याला अपवाद आहेत, म्हणून नुसत्या यूएसबीच्या आकड्यावर निकाल देऊ नये: दहाव्या पिढीच्या आयपॅडचा डेटा-वेग यूएसबी २.० इतकाच असूनही त्यातून व्हिडिओ बाहेर येतो, तर सॅमसंगच्या टॅब एस६ लाइटमधून येत नाही, जरी तिच्या नावाशी मिळतेजुळते नाव असलेल्या टॅब एस६ मधून येतो. व्हिडिओ न देणाऱ्या टॅब्लेटसाठी डिस्प्लेलिंकची चिप असलेले अडॅप्टर मिळतात. ते चित्र दाबून साध्या यूएसबी डेटासारखे पाठवतात आणि अँड्रॉइडवर त्यांचे वेगळे ॲप लागते. मजकुरासाठी चालतील, पण चित्र किंचित मागे राहते आणि खर्च वाढतो. ज्यांच्या टॅब्लेटमधून व्हिडिओ निघतच नाही त्यांनी ताणलेल्या पैशांत या वाटेला जाऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

एका मित्राच्या एक्स्टर्नल एसएसडीबरोबर (बाहेरून जोडायच्या वेगवान डेटा-साठ्याबरोबर) आलेली वीतभर केबल घेऊन मी पुन्हा त्याच दुकानात गेलो. ती वेगवान डेटाची असल्यामुळे जोडताक्षणी चित्र उमटले. मला फार आनंद झाला, आणि त्याच आनंदात मी मॉनिटर घेऊनही टाकला असता. पण चित्राच्या दोन्ही बाजूंना रुंद काळे पट्टे होते. माझा टॅब्लेट बाहेरच्या पडद्यावर फक्त स्वतःची प्रतिमा दाखवतो, ज्याला मिररिंग म्हणतात, आणि त्याच्या पडद्याचे प्रमाण ४:३ आहे, तर मॉनिटरचे १६:९. त्या १५.६ इंची पडद्यावर माझे चित्र प्रत्यक्षात कर्णात १२.७ इंचांचे होते. हातातल्या अकरा इंचांवरून पावणेतेरा इंचांवर जाण्यासाठी एवढे पैसे मोजणे मला पटले नाही. शिवाय एकाच केबलीवर चालणारा पोर्टेबल मॉनिटर टॅब्लेटचीच वीज पितो, त्यामुळे अर्ध्या तासात बॅटरी लक्षात येण्याइतकी उतरली. ४:३ च्या, मिररिंगवरच थांबणाऱ्या टॅब्लेटसाठी १५.६ इंची पोर्टेबल मॉनिटर घेऊ नये. प्रवासात सतत बरोबर न्यायचा असेल तरच त्याचा विचार करावा.

त्या रात्री मी कागदावर जो हिशेब मांडला तो या सगळ्या खटाटोपातील सर्वांत उपयोगी गोष्ट ठरली. ४:३ च्या आयतात उंची तीन भाग, रुंदी चार भाग आणि कर्ण पाच भाग असतो. त्यामुळे रुंद मॉनिटरच्या पडद्याची उंची इंचांत मोजून तिला पाचाने गुणावे आणि तिनाने भागावे, म्हणजे तुमचे चित्र किती इंची दिसेल ते कळते. १६:९ चा २४ इंची पडदा सुमारे ११.८ इंच उंच असतो, म्हणजे चित्र १९.६ इंची. १६:९ चा २७ इंची घेतला तर २२ इंची. १६:१० प्रमाणाचा, म्हणजे १९२० × १२०० पिक्सेलचा २४ इंची पडदा १२.७ इंच उंच असतो आणि त्यावर चित्र २१.२ इंची होते, जवळजवळ २७ इंची रुंद मॉनिटरइतके. कचेऱ्यांतून मोडीत निघणारा १२८० × १०२४ चा जुना १९ इंची, ५:४ प्रमाणाचा मॉनिटर घेतला तरी त्यावर साडेअठरा इंची चित्र मिळते. नव्या २४ इंचीपेक्षा जेमतेम एक इंच कमी. खोक्यावर छापलेला इंचांचा आकडा अशा टॅब्लेटधारकाला काहीच सांगत नाही. दुकानात मोजपट्टी न्यावी आणि पडद्याची उंची मोजावी.

हा हिशेब सर्वांना लागू नाही. अँड्रॉइडचे पुष्कळ टॅब्लेट १६:१० प्रमाणाचे असतात. ते १६:९ च्या पडद्यावर रुंदीचा दहावा हिस्साच गमावतात, म्हणून त्यांच्यासाठी साधा २४ इंची मॉनिटर पुरेसा आहे. ज्या टॅब्लेटला बाह्य पडदा स्वतंत्रपणे वापरता येतो त्यांना पट्ट्यांची चिंताच नाही. सॅमसंगच्या टॅब एस मालिकेतील वरच्या मॉडेलांत त्यासाठी डेक्स नावाची सोय आहे. आयपॅडमध्ये एम१ किंवा त्यापुढची एम मालिकेतील चिप असेल, तर डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या आयपॅडओएस १६.२ पासून ही सोय आहे. आपला टॅब्लेट फक्त मिररिंग करतो की बाह्य पडदा स्वतंत्रपणे वापरतो, याचे उत्तर मिळाल्याशिवाय घराबाहेर पडू नये.

तिसरी फेरी अडॅप्टरची होती आणि ती विनासायास पार पडली. सी-टाइप ते एचडीएमआय असे अडॅप्टर घ्यावे, आणि त्याला चार्जर लावण्यासाठी आणखी एक सी-टाइप पोर्ट असावा. टॅब्लेटला सहसा एकच छिद्र असते आणि ते मॉनिटरने अडवले की चार्जिंग बंद पडते. एचडीएमआय केबलीला दुसरे कामच नसल्यामुळे तिच्यात ‘फक्त चार्जिंगची’ असा प्रकार नाही, हा या वाटेचा मोठा दिलासा. ‘४के ६० हर्ट्झ’ (४के म्हणजे १९२० × १०८० च्या चौपट पिक्सेल, हर्ट्झ म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा नवे होते तो आकडा) असे छापलेल्या अडॅप्टरसाठी जास्त पैसे मागितले गेले तर देऊ नयेत. ४के वर ३० हर्ट्झ देणारे स्वस्त अडॅप्टरही १९२० × १०८० चे चित्र ६० हर्ट्झने देते, आणि या तरतुदीत ४के मॉनिटर येणारच नाही. मॉनिटर ४के असेल तरी ३० हर्ट्झवर माउसचा बाण अडखळत सरकतो, म्हणून तिथेही रिझोल्युशन उतरवून ६० हर्ट्झ ठेवावे.

चौथी फेरी जुन्या मालाच्या बाजारात. मला १६:१० चा, आयपीएस पॅनेलचा (बाजूने पाहिले तरी रंग फारसे न बदलणारा) २४ इंची मॉनिटर हवा होता. एलईडी बॅकलाइट असलेलाच घ्यायचा हेही ठरवले होते, कारण त्याआधीच्या, बारीक फ्लुरोसंट नळ्यांच्या मॉनिटरचा उजेड वयोमानाने मंद आणि पिवळा होत जातो. टीएन हा पॅनेलचा दुसरा प्रकार किंचित खालून पाहिले तरी रंग उलटेपालटे दाखवते. तो फुकट मिळाला तरच घ्यावा. टॅब्लेटमध्ये पूर्ण काळे, पांढरे, लाल, हिरवे आणि निळे अशी पाच चित्रे आधीच भरून न्यावीत आणि एकेक पडदाभर लावून पाहावीत. काळ्यावर कडांतून झिरपणारा उजेड दिसतो, पांढऱ्यावर पिवळे डाग, आणि रंगांवर मेलेले पिक्सेल. मधोमध असलेला एक मेलेला पिक्सेलही वाचताना खुपतो, कडेचे तीनचार खुपत नाहीत. मॉनिटर निदान वीस मिनिटे चालू ठेवायला लावावा. विकणारा घाई करू लागला तर तिथून निघावे. मी असे दोन मॉनिटर नाकारले: एक पंधराव्या मिनिटाला लुकलुकू लागला आणि दुसऱ्याची बटणे दाबली जात नव्हती. ‘१०८० सपोर्ट’ असे सांगितलेल्या तिसऱ्या पडद्याचे मूळ रिझोल्युशन १३६६ × ७६८ निघाले. सपोर्ट म्हणजे तो सिग्नल स्वीकारतो एवढेच, पडद्यावर तितके पिक्सेल आहेत असे नव्हे. हा शब्द स्वस्त नव्या मॉनिटरांच्या खोक्यांवरही छापलेला असतो आणि सर्वाधिक लोक तिथेच फसतात.

मी घेतलेल्या मॉनिटरला एचडीएमआय नाही, डीव्हीआय हा जुना पोर्ट आहे. दोहोंचा चित्राचा सिग्नल एकाच जातीचा असल्यामुळे साधी एचडीएमआय ते डीव्हीआय केबल पुरते. व्हीजीए या त्याहून जुन्या पोर्टसाठी मात्र सिग्नल बदलणारे अडॅप्टर लागते आणि अक्षरे अंधूक होतात, म्हणून फक्त व्हीजीए असलेला मॉनिटर घेऊ नये. डीव्हीआयच्या वाटेने आवाज सहसा येत नाही, तर एचडीएमआयवर आवाज मॉनिटरकडे जातो आणि त्याला स्पीकर नसेल तर ऐकूच येत नाही. दोन्ही वेळी ब्लूटूथ हेडफोन लावावा. जुन्या मॉनिटरला एचडीसीपी, म्हणजे चित्रपटांची नक्कल रोखणारे संरक्षण नसेल तर सशुल्क चित्रपट त्यावर दिसणार नाहीत. ज्यांना त्यासाठीच मॉनिटर हवा आहे त्यांनी तिथेच एक चित्रपट लावून पाहावा. टॅब्लेट आणि मॉनिटर आपसांत कोणते रिझोल्युशन ठरवतात हेही जोडल्याखेरीज कळत नाही, म्हणून माझी शेवटची आणि सर्वांत आग्रहाची सूचना अशी की स्वतःचा टॅब्लेट, स्वतःचे अडॅप्टर आणि स्वतःची केबल लावून चित्र दिसल्याशिवाय कोणालाही पैसे देऊ नयेत.

मॉनिटर स्टँडसह उचलून आणताना दोन्ही खांदे भरून आले. मागे १०० × १०० मिलिमीटरची चार भोके असतील तर स्टँड सोडवून वेगळा आणावा आणि पडद्याला पुठ्ठा बांधावा. माझ्याकडे तेव्हा पुठ्ठाही नव्हता. त्या रात्री साडेअकराला पहिले मुद्रित उघडले. ९४ पिक्सेल प्रतिइंच म्हणजे टॅब्लेटच्या २६४ पुढे अक्षर भरडच दिसते, पण हातभर अंतरावरून ते मुळीच जाणवत नाही. संपूर्ण पान एका नजरेत मावले, वेलांटी आणि रफार स्पष्ट दिसले, आणि मी मान सरळ ठेवून पहाटे दोनपर्यंत चाळीस पाने तपासली.