ओटीवरच्या खिळ्याला २०१५ साल

यंदा १ मे शुक्रवारी आल्यामुळे तीन दिवसांची सलग सुट्टी मिळाली आणि आम्ही दापोलीजवळचे बंद घर उघडून झाडलोट करण्यासाठी गेलो. माजघरातील फडताळाच्या तळाशी २०१५ सालची दिनदर्शिका अंथरलेली सापडली. तिचे कोपरे वाळवीने खाल्ले होते, कागदावर बुरशीचे ठिपके पडले होते. परंतु मे महिन्याचे पान शाबूत होते आणि त्यावरही १ तारखेला शुक्रवारच होता. ती चुलीत न घालता मी ओटीवरच्या खिळ्याला अडकवली. शेजारच्या काकूंना हे मुळीच पटले नाही. अकरा वर्षांपूर्वीचा कागद भिंतीवर लावून कोणी दिवस मोजतो का, असे त्यांनी मला स्पष्टच विचारले.

मोजता येतात. ३६५ दिवस म्हणजे बरोबर ५२ आठवडे आणि वर उरलेला एक दिवस. त्या एका दिवसामुळे कोणतीही तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे सरकते आणि मध्ये २९ फेब्रुवारी येऊन गेला असेल तर दोन वार सरकते. २०१५ पासून २०२६ पर्यंत अकरा वर्षांचे अकरा वार आणि २०१६, २०२० व २०२४ या लीप वर्षांचे तीन, असे एकूण चौदा वार पुढे गेलो, म्हणजे दोन फेरे पूर्ण करून मूळ वारावर परतलो. याच हिशेबाने २००९ आणि १९९८ सालच्या दिनदर्शिकाही यंदा चालतील. पुढे २०३७ सालीही हीच जुळणी होणार आहे. लीप वर्षाचे मात्र तसे नाही. २०२४ ची दिनदर्शिका पुन्हा वापरायची असेल तर २०५२ पर्यंत, म्हणजे तब्बल अठ्ठावीस वर्षे, ती वाळवीपासून वाचवावी लागेल. वर्ष सातांपैकी कोणत्याही वारी सुरू होते आणि ते साधे तरी असते किंवा लीप तरी, त्यामुळे दिनदर्शिकेचे एकूण नमुने चौदाच. छापणारे दरवर्षी नवी विकतात, ती वारांसाठी नव्हे, हे काकूंना सांगितल्यावर त्या पहिल्यांदा हसल्या.

नोकरदारांच्या उपयोगाची एक गोष्ट मला त्याच दुपारी, पाने उलटताना लक्षात आली. १ मे, २ ऑक्टोबर आणि २५ डिसेंबर या तीन सुट्ट्या नेहमी एकाच वारी येतात. १ मेपासून २ ऑक्टोबर १५४ दिवसांवर आहे, म्हणजे नेमके बावीस आठवडे. तेथून नाताळ ८४ दिवसांवर, म्हणजे बारा आठवडे. फेब्रुवारी या सर्वांच्या आधीच उरकलेला असल्याने लीप वर्षानेही यात फरक पडत नाही. यंदा तिन्ही शुक्रवारी असल्याने गावी येण्याच्या तीन संधी मिळाल्या. याउलट महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्या १९६० साली १ मे रविवारी होता, तेव्हा त्या वर्षी गांधी जयंती आणि नाताळ या दोन्ही सुट्ट्या रविवारातच बुडाल्या असणार.

मागच्या शतकांत शिरले की मात्र सावध राहावे लागते. आजच्या नियमाने मागे मोजत गेले तर ६ जून १६७४ या तारखेला बुधवार येतो. ही तारीख शिवराज्याभिषेकाची. पण ती इंग्रजांच्या तत्कालीन जुन्या, म्हणजे ज्युलियन गणनेतील आहे आणि त्या गणनेत त्या दिवशी शनिवार होता. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडील शिवकाळातील घटनांच्या तिथीवार नोंदींत, मात्र शुक्रवार नोंदलेला आहे. यात विरोध नाही, कारण रात्र तीन घटका उरली असताना महाराज सिंहासनावर बसले आणि आपला वार मध्यरात्री नव्हे, सूर्योदयाला बदलतो. रायगडावर उजाडायचे होते, म्हणून शुक्रवार. इंग्रजांच्या लेखी शनिवार लागलेला होता. पुढे १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कान्होजी आंग्र्यांच्या अलिबागजवळील कुलाबा किल्ल्यावर चालून आले, तेव्हा पोर्तुगीज आजची नवी गणना वापरत असल्याने दोघांच्या तारखांत अकरा दिवसांचे अंतर होते, वार मात्र दोघांचा एकच होता. इंग्रजांनी १७५२ मध्ये गणना बदलली तेव्हाही २ सप्टेंबरच्या बुधवारनंतर १४ सप्टेंबरचा गुरुवार आला. अकरा तारखा गळाल्या, पण वारांची माळ तुटली नाही. मला स्वतःला तारखेपेक्षा वार अधिक भरवशाचा वाटतो, तो यामुळेच.

काकूंचा खरा प्रश्न अर्थात वेगळा होता. गणपती कधी? येथे माझी जुनी दिनदर्शिका उघडी पडली. २०१५ साली गणेश चतुर्थी गुरुवारी, १७ सप्टेंबरला होती. यंदा ती सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे. दोन्ही वर्षी अधिक मास असल्यामुळे एवढी तरी जवळीक राहिली, नाहीतर गेल्या वर्षी गणपती २७ ऑगस्टलाच बसले होते. तिथी चंद्राच्या मागे जाते आणि तारखांशी तिचा मेळ साधारण एकोणीस वर्षांनी बसतो. त्या दृष्टीने यंदाचे जोडीदार वर्ष २००७, कारण तेव्हा चतुर्थी १५ सप्टेंबरला होती. परंतु २००७ चे वार यंदाशी जुळत नाहीत. वारांसाठी एक जुने वर्ष आणि सणांसाठी दुसरेच, अशी दोन कॅलेंडरे शेजारी टांगावी लागतील. मुंबईहून खेडपर्यंतचे रेल्वे आरक्षण साठ दिवस आधी उघडते आणि पाहता पाहता संपते, त्यामुळे येथे तीन दिवसांची चूकही परवडणारी नाही.

निघताना काकूंनी सप्टेंबरचे पान उघडून १४ तारखेभोवती पेन्सिलीने गोल काढला. १७ तारखेवर छापलेला गणपती खोडायला मात्र त्या काही केल्या तयार झाल्या नाहीत.