मरून बॅग

रविवारी सकाळी पावणेअकराला ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या ट्रॅव्हल ऑफिसचा फोन वाजला. "बॅग आहे हो, पण आमची नाहीये!" गोव्याहून क्रूझने परतलेलं घोडबंदर रोडचं सहा जणांचं कुटुंब मुंबईत बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलमध्ये उभं होतं. मरून बॅग उघडली तर आत कुणाच्या तरी साड्या आणि काजूची पाकिटं. आजोबांचं इन्सुलिन त्यांच्या खऱ्या बॅगेत, आणि जेवणाआधीचा डोस एक वाजता.

घोळ आदल्या रात्रीचा. उतरण्याच्या आदल्या रात्री केबिनमध्ये टॅग येतात. ते बांधून मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायच्या, त्या सकाळी थेट धक्क्यावरच्या हॉलमध्ये मिळतात. मधल्या वेळात बॅगेला हात लावता येत नाही. म्हणून औषधं, आधार कार्ड, चार्जर, सकाळचे कपडे आणि घराची किल्ली पाठीवरच्या सॅकमध्येच हवी. सूनबाईंनी औषधं "एका जागी नीट" राहावीत म्हणून मोठ्या बॅगेत भरली होती. आणि हॉलमध्ये टॅगवरचा नंबर वाचतो कोण? रंग दिसला की उचलली. हँडलला एक लाल नाडी बांधा म्हणून मी दर वेळी सांगतो. बांधणारे थोडेच.

"झाकणाच्या खिशात बघा," मी म्हटलं. नवी मुंबईतल्या नेरुळच्या ड्रायक्लीनरचं बिल निघालं, त्यावर गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर. दोनदा बंद लागला. समुद्रात जहाजाच्या नेटवर्कचं बिल येऊ नये म्हणून फ्लाइट मोडवर टाकलेला फोन लोक घरी पोचेपर्यंत तसाच ठेवतात. पंधरा मिनिटांनी उचलला, तेव्हा ती मंडळी ईस्टर्न फ्रीवेवर होती. तिथं यू-टर्न नाही. परत बोलावलं असतं तर तासभर तरी गेला असता. म्हणून त्यांना वाटेत वाशीला थांबायला सांगितलं.

नशीब, गाड्या दोन होत्या. सात सीटरची तिसरी रांग उघडी ठेवली की मागे जेमतेम दोन बॅगा बसतात. सहा माणसं आणि सात बॅगांना एक गाडी पुरत नाही, कितीही घासाघीस केली तरी. लोकलचा पर्याय मी रविवारी देतच नाही, मेगाब्लॉक असतो. गाड्याही जहाज लागायच्या नऊच्या वेळेला नाही, अकराला बोलावलेल्या. जहाज धक्क्याला लागल्यापासून माणूस बॅगेसकट रस्त्यावर येईपर्यंत दोन तास सहज जातात आणि तोवर ड्रायव्हरचं वेटिंग चढतं.

आधी टर्मिनलच्या माणसांकडे अदलाबदलीची नोंद करायला लावली. दुसऱ्याची बॅग न सांगता बाहेर नेली की पुढे आपणच चोर ठरतो. मग एक गाडी फ्रीवे, छेडानगर, मुलुंड करत सरळ घरी. दुसरी आजोबांना घेऊन मानखुर्दमार्गे वाशीला, आणि तिथून ठाणे-बेलापूर रस्त्याने दिघा, कळवा करत ठाण्यात. अटल सेतूचा इथं उपयोग नव्हता. तो उलवे-पनवेलकरांच्या सोयीचा, एका फेरीला 250 रुपये. मुलुंड आणि वाशीच्या नाक्यांवर मात्र ऑक्टोबर 2024पासून कारला टोल नाही, त्यामुळे वाकडी वाट डिझेलवरच भागली.

पावणेएकला वाशीत बॅगा बदलल्या. आजोबांनी डोस घेतला आणि तिथंच हॉटेलात जेवले. तेवढ्यात पहिल्या गाडीतून घोडबंदरला पोचलेल्यांचा मला फोन. दाराला कुलूप, आणि किल्ली मरून बॅगेत.