खाडीच्या टाकीची नोंद: खिडकीचं ॲक्रिलिक ठरलं

मंडळी, खाडीतल्या माशांसाठीच्या टाकीचं काँक्रीट नीट मुरलं, आतून इपॉक्सीचे हात झाले, आणि ज्याच्यावर सगळं अडलं होतं तो निर्णयही झाला. समोरच्या खिडकीला ३० मिलिमीटरची सेल-कास्ट, म्हणजे साच्यात घट्ट केलेल्या ॲक्रिलिकची शीट, एकाच तुकड्यात. खिडकीचं तोंड १८० बाय ७५ सेंटिमीटर. चौकटीवर टेकणारी कड धरून शीट १९० बाय ८५.

कर्लीच्या खाडीतले कालुंदर ठेवायचे आहेत. हा चपटा मासा, त्याचं सगळं देखणेपण बाजूनं दिसतं, म्हणून खिडकी लांब हवी होती. काच घेतली नाही याला आमची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाटही कारणीभूत आहे. ही शीट सुमारे ५८ किलोंची, त्याच जाडीची काच १२० किलोंच्या पुढे जाते. काच थोडी पातळ चालली असती हे खरं, पण चिऱ्यांच्या त्या पायऱ्यांवरून माणसांच्या जिवाशी खेळ नको. शिवाय ॲक्रिलिकचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचा आकडा) १.४९, काचेचा १.५२, पाण्याच्या १.३३ ला ॲक्रिलिक जास्त जवळचं.

आता मुख्य गोष्ट. दुकानात नुसतं ‘ॲक्रिलिक’ मागितलं तर एक्स्ट्रुडेड शीटही हातात पडू शकते. साइनबोर्डाला ती उत्तम. पण यंत्रातून ओढून काढताना तिच्यात ताण उरतो, आणि सॉल्व्हंट किंवा स्पिरिट लागलं की तिथेच केसासारख्या बारीक भेगा पडतात. सेल-कास्ट दोन काचांच्या साच्यात सावकाश घट्ट होते, तिच्या रेणूंच्या साखळ्या लांब असतात, त्यामुळे वर्षानुवर्षांचा दाब ती जास्त सोसते. या खिडकीवर पाण्याचा एकूण जोर पाचशे किलोंहून जास्त आहे आणि तो रात्रंदिवस राहणार. ॲक्रिलिक तुटायला ७० मेगापास्कलच्या आसपास ताण लागतो, पण कायमच्या दाबासाठी हिशेब त्याच्या दहाव्या हिश्श्याच्याही खाली धरतात.

ओळखायचं कसं? नमुन्याचा तुकडा मागा आणि ड्रिल मारा. कास्टचा कीस कोरडा, सुटा पडतो. एक्स्ट्रुडेड वितळून बिटला गुंडाळतं. दुसरी परीक्षा मला फार आवडते: कॉम्प्युटरचा पांढरा स्क्रीन मागे, तुकडा मध्ये, डोळ्यांवर पोलराइज्ड गॉगल. जिथे ताण उरलाय तिथे रंगीत पट्टे दिसतात. कड पांढऱ्या कागदावर धरूनही बघा. पिवळट झाक असेल तर शीट भंगारातून परत मिळवलेल्या कच्च्या मालाची असू शकते, ती सोडून द्या.

एका फॅब्रिकेटरनं १५ मिलिमीटरच्या दोन शीट चिकटवून ३० करून देतो म्हटलं. एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर बुडबुडे अडकतात, ताण बसतो. मी नको म्हटलं. पॉलिकार्बोनेटचाही सल्ला मिळाला. ते ठोकर छान सोसतं, पण लवकर ओरखडतं आणि ॲक्रिलिकपेक्षा जास्त वाकतं. २५ मिलिमीटरही विचारात होतं, पण कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो: २५ चे ३० केले की जवळजवळ पावणेदोन पट. पाच मिलिमीटरचे जादा पैसे मला योग्य वाटले.

कापून कडा घासून झाल्या की फॅब्रिकेटरकडून ॲनीलिंग करून घेणार, म्हणजे साधारण ८० अंशांवर काही तास ठेवून अगदी हळूहळू थंड करणं. ही पायरी गाळायची नाही. शीट आतून चौकटीवर टेकवायची, म्हणजे पाणीच तिला दाबून धरतं. सिलिकॉन ॲक्रिलिकला काचेसारखं पकडत नाही, तिथे ते फक्त गॅस्केटचं, म्हणजे पाणी अडवणाऱ्या पट्टीचं काम करतं. कडेला फट ठेवायचीच. १९० सेंटिमीटरची शीट दहा अंशांच्या फरकानं सव्वा मिलिमीटरहून जास्त लांबते, पाणी पिऊन फुगते ते वेगळं.

ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर घेणाऱ्या पेटीचे सॉल्व्हंटनं जोडायचे सांधे मात्र पाऊस पूर्ण ओसरल्यावर. सॉल्व्हंट झपाट्यानं उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि आपल्याकडच्या दमट हवेत त्यावर ओल धरून सांधा पांढुरका होतो.

शीट आली की आधी चारही कडांना व्हर्नियर, कारण कास्टची जाडी सगळीकडे सारखी नसते. मग पाणी तीन टप्प्यांत भरायचं आणि दर टप्प्याला दोरी ताणून मधला बाक मोजायचा. माझ्या हिशेबानं सुरुवातीला तो तीन मिलिमीटरच्या आत राहायला हवा, पुढे हळूहळू थोडा वाढेल. पुढच्या नोंदीत प्रत्यक्ष आकडे देतो.