"मॅडम, ते ऑइल बदलायचंच नसतं"

इंजिन ऑइल बदला म्हटलं की कुठल्याही वर्कशॉपात लगेच जॉब कार्ड निघतं. ब्रेक ऑइल, कूलंट सांगितलं तरी कुणी कुरकुर करत नाही. पण ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचं ऑइल बदला असं एकदा म्हणून बघा. काउंटरपलीकडचा माणूस असा बघतो, जणू तुम्ही टायरमधली हवा धुऊन मागितली आहे.

या एका कामासाठी मी जितकी डोकेफोड केली तितकी गाडी घेतानाही केली नव्हती. राग अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून लिहितेय. आणि विसरायच्या आत एक गोष्ट आधीच सांगून टाकते. गिअरबॉक्सचं ऑइल कुणीही काढायला घेतलं तर ऑइल भरायचा वरचा नट सुटतोय ना, हे आधी बघायला लावा. खालचा ड्रेन नट त्यानंतर. वरचा गंजून बसला असेल आणि खालून ऑइल वाहून गेलं असेल, तर गाडी तिथेच अडकते.

गाडी सेकंड हँड. सर्व्हिसच्या वहीत सुरुवातीचे शिक्के आणि पुढे कोरी पानं. अशा वेळी माझा नियम साधा आहे: नोंद नाही म्हणजे बदललेलं नाही. आधीचा मालक कितीही भला माणूस असो आणि "सगळं वेळच्या वेळी केलंय" असं कितीही छातीठोकपणे सांगो, बिल नसेल तर सगळी ऑइलं एकदा बदलून घ्यायची आणि त्या तारखेपासून आपली मोजदाद सुरू करायची.

इंजिन ऑइलचं काम सरळ झालं, त्यामुळे त्याबद्दल फार लिहीत नाही. फक्त एवढंच की गाडीच्या पुस्तिकेत देखभालीचे बहुधा दोन तक्ते असतात, एक साध्या वापरासाठी आणि एक कठीण वापरासाठी, आणि आपण सगळे पहिलाच वाचून पुस्तिका मिटतो. कठीण वापर म्हणजे डोंगरात शर्यत नव्हे. इंजिन नीट तापायच्या आत संपणाऱ्या छोट्या फेऱ्या, रांगत जाणारी वाहतूक, धूळ, उभ्या गाडीत तासन्‌तास चालू ठेवलेला एसी, हे सगळं त्यात येतं. म्हणजे बहुतेकांची गाडी दुसऱ्याच तक्त्यात बसते. पहिल्या तक्त्यात १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष असं लिहिलेलं असलं, तर दुसऱ्यात आकडा बराच खाली येतो. "यातलं जे आधी होईल ते" हे शब्दही वाचा. गाडी महिनोन्‌महिने उभी असली तरी वर्ष मोजायचं थांबत नाही.

डब्यावर नुसतं ५डब्ल्यू-३० बघून ऑइल घेऊ नका. तो फक्त पातळ-घट्टपणा झाला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात एपीआय एसपी, एसीईए सी३ असं ऑइलच्या दर्जाचं मानक लिहिलेलं असतं, ते पुस्तिकेशी जुळलं पाहिजे. डिझेल गाडीला धुराचा फिल्टर म्हणजे डीपीएफ असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण जास्त राख होणारं ऑइल तो फिल्टर चोंदवतं. डिझेलमध्ये नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं पडतं, तेव्हा "काळं झालंय, बदला" असं कुणी सांगितलं तर ऐकायचं कारण नाही. ती काजळी आहे आणि ती पकडून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे.

ब्रेक ऑइलच्या बाबतीत किलोमीटर बघायचेच नसतात, बघायची ती तारीख. नेहमीचं डॉट ३, डॉट ४ ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, गाडी चालो अथवा न चालो. डॉट ४चा मानकातला किमान उत्कलनबिंदू कोरडा असताना २३० अंश आणि ३.७ टक्के पाणी शिरल्यावर १५५ अंश. लांब उतारावर ब्रेक तापत गेले आणि त्या ओलीची वाफ झाली तर पेडल पायाखाली मऊ होत तळाला जातं. म्हणून २ वर्षांनी बदलायचं, रंग कसाही असो. बाटली आपल्यासमोर सील फोडून उघडायला लावा. अर्धी उरलेली बाटली फडताळात पडून तीच ओल शोषत असते. डॉट ५ हे डॉट ४च्या पुढचं, अधिक चांगलं असं समजून घेऊ नका. ते सिलिकॉनचं असतं आणि बाकीच्यांत मिसळत नाही. पुढचं हवं असेल तर डॉट ५.१, आणि तेही पुस्तिकेत चालत असेल तरच. हे ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग सोलून निघतो.

आता गिअरबॉक्स.

"मॅडम, यात लाइफटाइम ऑइल असतं. बदलायचंच नसतं."

"किती किलोमीटर चालतं?"

"लाइफटाइम."

"दोन लाख झाले तरी?"

"काही प्रॉब्लेम आला तर बघू ना."

प्रॉब्लेम आल्यावर काय बघणार? तेव्हा ऑइल नाही, गिअरबॉक्सच उघडतात, आणि त्याचं बिल बघून माणूस गाडी विकायचा विचार करायला लागतो. ऑटोमॅटिकमधलं ऑइल नुसतं वंगण नसतं. त्याच्याच दाबावर आतले क्लच धरतात आणि सोडतात, तेच गिअर बदलतं, तेच थंडावा देतं. क्लचच्या पट्ट्या घासून जो भुगा निघतो तो त्याच ऑइलात फिरत राहतो. उष्णतेने ऑइल जुनं होतं, त्यातली रसायनं संपत जातात. एवढं सगळं सोसणारं ऑइल कधीच बदलायचं नाही, आणि इंजिन ऑइल मात्र वर्षाला बदलायचं, हा हिशेब मला कुणी पटवून द्यावा.

मी शांतपणे म्हटलं, "ठीक आहे, एवढंच लिहून द्या. हे ऑइल कधीही बदलायची गरज नाही आणि त्यामुळे गिअरबॉक्स गेला तर खर्च तुमचा." त्यावर "साहेबांशी बोलून कळवतो" असं उत्तर आलं. कळवणार कोण! मी पुन्हा गेले तेव्हा उत्तर बदललं होतं: "आमच्या सिस्टिममध्ये या कामाचा कोडच नाही." कोड नाही म्हणजे जॉब कार्ड नाही, जॉब कार्ड नाही म्हणजे मेकॅनिक गाडीला हात लावणार नाही. ऑइल हवं की नको हा वाद तिथेच संपला. प्रश्न आता कॉम्प्युटरच्या यादीत ओळ आहे की नाही एवढाच उरला.

मग मी मागच्या सर्व्हिसचा कागद काढला. तपासणीच्या यादीत एक ओळ छापलेली होती, "ट्रान्समिशन ऑइल लेव्हल", आणि समोर निळ्या पेनने ऐटीत मारलेली बरोबरची खूण. या गाडीच्या गिअरबॉक्सला डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, नाही. लेव्हल बघायची तर गाडी लिफ्टवर सपाट उचलून, इंजिन चालू ठेवून, स्कॅनरवर ऑइलचं तापमान बघत खालून नट उघडावा लागतो. "मग ही खूण कशी मारलीत?" असं विचारल्यावर त्या गृहस्थांनी कागद हातात घेतला, उलटसुलट केला, आणि "ते रुटीन असतं" असं सांगून परत दिला.

तुमच्याही जुन्या बिलांमधली ही ओळ एकदा बघा.

त्यानंतर ऐकवलेलं अस्त्र नेहमीचं: "जुन्या गिअरबॉक्सचं ऑइल बदललं की तो बिघडतो." अशा गोष्टी ऐकायला मिळतात हे खरं. पण बहुतेक लोक हे ऑइल बदलतात कधी? गिअर घसरायला लागल्यावर, शेवटचा उपाय म्हणून. तोवर क्लच गेलेले असतात. मग दोष नव्या ऑइलच्या माथी. गाडी व्यवस्थित गिअर टाकत असेल तर घाबरायचं कारण मला दिसलं नाही. मात्र गिअर आधीच घसरत असतील, ऑइलला करपट वास येत असेल, तर आधी गिअरबॉक्सच्या जाणकाराला दाखवा. तिथे नुसतं ऑइल बदलून भागत नाही.

वाट निघाली ती काउंटरवर नव्हे, गाडीच्या खाली. गिअरबॉक्सच्या अंगावर एक छोटी पट्टी असते, तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव आणि मॉडेल असतं. गाडी बनवणारा आणि गिअरबॉक्स बनवणारा एकच असेल असं नाही. माझ्या गाडीत झेडएफ या जर्मन कंपनीचा ८ गिअरचा बॉक्स निघाला. गाडीच्या पुस्तिकेत ऑइल बदलण्याबद्दल अवाक्षर नाही, पण झेडएफचा स्वतःचा सल्ला आहे की साधारण ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा उशिरात उशिरा ८ वर्षांनी ऑइल बदलावं, आणि वापर कष्टाचा असेल तर त्याआधी. ज्याने बॉक्स बनवला तो बदला म्हणतो, आणि ज्याने तो गाडीत बसवून विकला त्याच्या काउंटरवर कोड नाही! माझा तर्क असा की देखभालीच्या तक्त्यातून एक महागडी ओळ गाळली की गाडी सांभाळायला स्वस्त दिसते, आणि वॉरंटी संपेपर्यंत बॉक्स तसाही टिकतोच. पुढच्या मालकाचं त्यांना काय!

मी गाडी फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच काम करणाऱ्या एका वर्कशॉपात नेली. तिथल्या फिटरने पहिला प्रश्न विचारला, "बॉक्सचा नंबर काय?" तिथेच माझा अर्धा राग गेला.

त्याने मशिन लावून फ्लश करायचं, म्हणजे जुनं ऑइल दाबाने ढकलून काढायचं, की नुसतं काढून भरायचं, हे मला विचारलं. नुसतं काढलं तर सगळं ऑइल निघत नाही, कारण टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा, ऑइलने भरलेला भाग) आणि नळ्यांमध्ये बरंच अडकून राहतं. समजा बॉक्सात १० लिटर मावतं आणि ४ निघतं. पहिल्या खेपेला ४० टक्के ऑइल नवं होतं. थोडी गाडी चालवून दुसऱ्यांदा बदललं की ६४ टक्के, तिसऱ्यांदा ७८. मी मशिनऐवजी काढून भरायचा मार्ग घेतला आणि थोड्या अंतराने पुन्हा तेच करून घेतलं. बराच काळ न बदललेल्या बॉक्समध्ये एकदम सगळं ढवळून काढण्यापेक्षा मला हे बरं वाटलं. मशिनवर विश्वास असलेले लोकही आहेत. पण फिल्टर न बदलता नुसता फ्लश करून देणारा भेटला तर परत फिरा.

या बॉक्सचा चेंबर, म्हणजे खालचं ऑइलचं भांडं, प्लॅस्टिकचा असतो आणि फिल्टर त्यातच जोडलेला, म्हणजे चेंबरच नवा घ्यायचा. जुना उतरवल्यावर फिटरने आतली लोहचुंबकं मला दाखवली. त्यांवर करड्या रंगाचा मऊ लेप होता. त्याने तो बोटांत चोळून बघितला, कणी लागली नाही, तसा म्हणाला, "चांगलाय." लेप असतोच. टोचणारे कण किंवा चमकणारे तुकडे सापडले तर मात्र गोष्ट वेगळी.

भरताना इंजिन सुरू, पाय ब्रेकवर, प्रत्येक गिअर काही सेकंद टाकून बघायचा. स्कॅनरवर तापमान चढत होतं. साधारण ४० अंशांच्या आसपास त्याने नट उघडला, ऑइलची धार आली, बारीक झाली, थेंबांवर आली, तसा नट लावला. ऑइल तापलं की फुगतं, म्हणून तापमानाला एवढं महत्त्व. तुमच्या बॉक्सचा आकडा वेगळा असू शकतो, पण स्कॅनर न लावता "अंदाजाने भरतो" म्हणणाऱ्याला हे काम देऊ नका.

फरक पडला का, असं सगळे विचारतात. थंड गाडीत सकाळी पहिल्या-दुसऱ्या गिअरला बसणारा हलका धक्का कमी झाला. बाकी गाडी होती तशीच आहे, आणि फरक पडावा म्हणून मी ते बदललंच नव्हतं. सीव्हीटी किंवा ड्युअल क्लच या दुसऱ्या प्रकारचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर ऑइल वेगळंच असतं. "कुठल्याही ऑटोमॅटिकला चालतं" असं लिहिलेला डबा मी तरी वापरणार नाही.

कूलंट राहिलंच. हिरवं, गुलाबी, निळं यावरून काही ठरत नाही, रंग प्रत्येक कंपनीचा आपापला असतो. बघायचं ते डब्यावरचं मानक. आत आधी काय घातलंय हे ठाऊक नसेल तर त्यावर नवं ओतू नका. जुनं काढून, डिस्टिल्ड वॉटरने स्वच्छ पाणी येईपर्यंत धुऊन मगच भरा. धुतल्यावर इंजिनच्या पोटात बरंच पाणी उरतं. म्हणून आयतं निम्मं-निम्मं मिसळलेलं कूलंट न घेता दाट घ्या: एकूण क्षमतेच्या निम्मं दाट आधी ओता आणि उरलेली जागा पाण्याने भरा, नाहीतर प्रमाण पातळ होतं. गरम इंजिनवर झाकण कधीही उघडू नका. आणि जमिनीवर सांडलेलं लगेच पुसा. ते चवीला गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांना विषारी.

गिअरबॉक्सच्या बिलावर ऑइलचा नंबर, किती लिटर घातलं आणि किलोमीटर लिहून घेतलेत. डिफरन्शियलचं, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचं, ऑइल अजून बाकी आहे. काउंटरवर त्याचा कोड आहे, हे मी फोन करून आधीच विचारून ठेवलंय.