सोलापुरात लिब्रेऑफिसचा स्टॉल: दोन दिवस, अकरा स्वयंसेवक

शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेस धरली आणि रात्री सोलापुरात उतरलो. सोबत दोन लॅपटॉप, गुंडाळलेला बॅनर आणि स्टिकरचा खोका. एका अभियांत्रिकी महाविद्यालयात दोन दिवसांची तंत्रपरिषद होती, तिथे लिब्रेऑफिससाठी, म्हणजे पत्रं, तक्ते, सादरीकरणं करायच्या मोफत सॉफ्टवेअरसाठी, एक टेबल मिळालं होतं. पुण्याचे आम्ही तिघं, बाकी आठ जण सोलापूरचेच. हे प्रमाण मुद्दाम ठरवलेलं. आधी एका गावात आम्ही सगळे बाहेरचेच गेलो होतो. गर्दी चांगली झाली, पण सोमवारी अडलेल्या माणसाला विचारायला गावात कोणीच नव्हतं. ते फार लागलं होतं मनाला.

सोलापुरात आणखी एक कारण आहे. पूर्व भागात विणकरांच्या घरांतून तेलुगू, कर्नाटकची हद्द जवळ म्हणून कन्नड, आणि मराठी तर आहेच. लिब्रेऑफिस या तिन्ही भाषांत मिळतं. स्वयंसेवकांपैकी एकीने आपला लॅपटॉप आणला, म्हणून टेबलावर तीन झाले आणि प्रत्येकावर एकेक भाषा लावून ठेवली. ती मुलगी घरी तेलुगू बोलणारी. तिच्याशी बोलायला जेवढी माणसं थांबली तेवढी माझ्याकडे थांबली नाहीत. तुम्ही कुठेही जाणार असाल तर आधी त्या गावच्या भाषा मोजा, मग माणसं निवडा.

तयारीसाठी दोनदा ऑनलाइन बसलो होतो, पण खरा उपयोग झाला तो शनिवारी सकाळी आठला टेबलाशीच केलेल्या तालमीचा. एकाने पाहुणा व्हायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. सगळ्यात जास्त येणारा प्रश्न तिथेच पक्का करून घेतला, आणि तासाभरात तो आलाही. एका स्वयंसेवकाच्या मित्राने विचारलं, "काय बे, फुकट म्हणतोस, नंतर पैसे मागणार न्हाय ना?" उत्तर सरळ द्यावं: नाही. 2010 मध्ये ओपनऑफिस या आधीच्या अशाच सॉफ्टवेअरमधून वेगळ्या झालेल्या लोकांनी हा प्रकल्प सुरू केला, द डॉक्युमेंट फाउंडेशन ही ना-नफा संस्था तो सांभाळते, खर्च मुख्यतः देणग्यांवर चालतो आणि सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, कोणालाही बघता येतो. एवढं पुरतं. एमएस ऑफिसला नावं ठेवायची नाहीत, हा नियम आम्ही सगळ्यांना घालून दिला होता. समोरचा रोज त्यावरच काम करतो, त्याला कमीपणा का आणायचा?

पाळ्या दोन-दोन तासांच्या, एका वेळी तीन जण. इथे आमची एक चूक झाली. पहिल्या दिवशी मुख्य भाषण लांबलं, आम्ही सगळेच एकदम जेवायला गेलो, आणि सभागृह सुटलं तेव्हा टेबलावर एकच मुलगा होता. तीसेक जण एकदम आले, निम्मे तसेच निघून गेले. पाळ्या घड्याळावर लावू नका, परिषदेच्या वेळापत्रकावर लावा. सत्र सुटतं तेव्हाच गर्दी होते, जेवण त्याआधी किंवा नंतर. दुसऱ्या दिवशी एका मुलाच्या आईने कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा पाठवला, त्यामुळे कोणाला उठावंच लागलं नाही.

शनिवारी दुपारी टायपिंग इन्स्टिट्यूट चालवणारे एक काका आले, साठीच्या पुढचे. खुर्ची ओढली, चष्मा सारखा केला आणि कीबोर्डकडे न बघता सुरू झाले. पडद्यावर भलतीच अक्षरं. लॅपटॉपवर इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची प्रमाण कीबोर्ड मांडणी होती आणि काकांची बोटं रेमिंग्टन या टाइपरायटरच्या मांडणीवर बसलेली. आमच्या मुलाने त्यांना इनस्क्रिप्ट शिकवायला घेतलं नाही. "काका, एक मिनिट," म्हणून त्याने रेमिंग्टन लावून दिलं. मग "प्रति, मा. तहसीलदार साहेब" पासून सात-आठ ओळी, एकही चूक नाही. मागची पोरं गप्प होऊन बघत होती. तुमच्या लॅपटॉपवर इनस्क्रिप्ट, रेमिंग्टन आणि फोनेटिक (उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांतून टाइप करायची) तिन्ही आधीच घालून ठेवा. माणूस हातातली सवय घेऊन येतो, तिला जागा दिली की पुढचं बोलणं सोपं होतं.

सुताच्या पेढीवरच्या एक ताई पेन ड्राइव्ह घेऊन आल्या. त्यात कित्येक वर्षांची मराठी पत्रं, सगळी युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षर-संकेतांच्या, आधीच्या फॉन्टमध्ये. अशा फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, त्यामुळे तो फॉन्ट नसला की नुसता काला दिसतो. एक स्वयंसेवक उत्साहात "होईल की" म्हणून गेला. मी त्याला थांबवलं आणि ताईंना आहे ते सांगितलं: हे लिब्रेऑफिस आपोआप करत नाही, त्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर शोधावा लागेल, आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतील. त्या नाराज झाल्या नाहीत, उलट नंबर देऊन गेल्या. खोटं आश्वासन देऊन प्रकल्पाचं नाव जितकं जातं तितकं कशानेच जात नाही. दुसऱ्याची डॉक्स (एमएस वर्डची .docx) फाइल उघडून दाखवतानाही जपून. लिनक्सवर विंडोजचा मंगल हा मराठी फॉन्ट नसतो, त्याच्या जागी दुसरा बसतो, ओळी सरकतात. कॅलिब्री या इंग्रजी फॉन्टऐवजी येणारा कार्लिटो मात्र त्याच मापाचा असल्याने इंग्रजी मजकूर सहसा जागेवर राहतो.

महाविद्यालयाचं वायफाय बाहेरच्यांना मिळालं नाही, आणि मोबाइलच्या नेटवर साडेतीनशे एमबीचा इन्स्टॉलर कोण उतरवणार? आम्ही सहा पेन ड्राइव्ह भरून नेले होते, म्हणून निभावलं. विंडोजवर घालताना कस्टम निवडून मराठीवर खूण करा, नाहीतर मेनू इंग्रजीतच येतो. लिनक्सचा भाषा-पॅक वेगळा उतरवावा लागतो, तोही सोबत हवा. लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड न्या. स्टिकर गावातच छापून घेता येतात, पण लोगो वापरण्याचे फाउंडेशनचे नियम आधी वाचा. वहीत नंबर घेताना कशासाठी घेतोय ते सांगा आणि ती वही एकाच्याच ताब्यात ठेवा.

परतीचं आधी ठरवा. सोलापूरहून हुतात्मा सकाळी लवकर सुटते, म्हणजे रविवारी संध्याकाळी आवरून ती मिळत नाही. आम्ही रात्रीच्या एसटीने आलो. एप्रिल-मेमधलं आमंत्रण असेल तर उन्हाचा विचार करा, पारा चाळिशीच्या वर असतो, मंडपातला स्टॉल नको.

वहीत सत्तावीस नंबर जमले. सोलापूरच्या आठ जणांनी ते आपसांत वाटून घेतले, दोघं पुढच्या शनिवारी काकांच्या इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन चार मशीनवर लिब्रेऑफिस घालून आले, आणि ती तेलुगू बोलणारी मुलगी आता वेब्लेट या ऑनलाइन साधनावर लिब्रेऑफिसच्या भाषांतराचं काम शिकते आहे. बॅनर, बोर्ड आणि पेन ड्राइव्ह आम्ही सोलापुरातच ठेवून आलो.