पाणबुड्याच्या घड्याळातील तांबडी माती

आबांचे घड्याळ माझ्याकडे आले ते पत्र्याच्या एका डब्यातून. डब्यात एक अडकित्ता होता, कुठल्यातरी विसरलेल्या कुलपाच्या दोन किल्ल्या होत्या आणि आबांची सीडीसी, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्यांचे सेवापुस्तकही होते. "तुका व्हया होता ना, घेवन जा. पन चलना नाय ता," असे म्हणून धाकट्या काकांनी डबा माझ्यापुढे सरकवला आणि ते पुन्हा वाडीत निघून गेले.

माझे आजोबा वेंगुर्ल्याजवळच्या गावातून मुंबईला गेले आणि मालवाहू बोटींवर इंजिनरूममध्ये ऑइलमन म्हणून त्यांनी वीसेक वर्षे काढली. त्यांना पोहता येत असे, पण डुबी मारून समुद्राच्या तळाशी जाण्याचा त्यांच्या कामाशी काही संबंध नव्हता. तरीही त्यांच्या मनगटावर जन्मभर होते ते पाणबुड्यांसाठी बनवलेले सीकोचे स्वयंचलित घड्याळ. त्याचा मॉडेल क्रमांक ६३०९-७०४०, व्यास साधारण ४४ मिलिमीटर, चावी चारच्या अंकाशी आणि तबकडीवर १५० मीटर खोलीची ग्वाही. एचएमटीने सिटिझनच्या साहाय्याने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळे बनवायला सुरुवात केली होती आणि गावातल्या ज्यांच्याकडे घड्याळ होते त्यांच्याकडे बहुधा तेच असे. त्यामुळे आबांचे हे जाडजूड घड्याळ पाहायला माणसे मुद्दाम ओसरीवर येऊन बसत, असे आजी सांगायची.

घरात लहानपणापासून ऐकलेली गोष्ट अशी की आबांनी हे घड्याळ जपानमध्ये, कोबे बंदरात उतरून घेतले. घड्याळ दुरुस्तीला देण्यापूर्वी त्याची थोडी माहिती काढावी म्हणून मी वाचायला बसले आणि या गोष्टीला पहिला तडा तिथेच गेला. सीकोच्या त्या काळातील घड्याळांच्या पाठीवरील अनुक्रमांकात पहिला अंक वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि दुसरे चिन्ह महिन्याचे: एक ते नऊ हे अंक, पुढे ऑक्टोबरसाठी ओ, नोव्हेंबरसाठी एन आणि डिसेंबरसाठी डी. आमच्या घड्याळाचा क्रमांक सात आणि एन यांनी सुरू होतो. हे मॉडेल १९७६ पासून १९८८ पर्यंत बनत राहिले, त्यामुळे केवळ सातावरून १९७७ की १९८७ हे ठरत नाही. ते ठरले सीडीसीवरून. आबा १९८४ मध्ये बोट कायमची सोडून गावी आले होते, आणि १९७८ च्या फेब्रुवारीत मुंबईला चढून नोव्हेंबरात उतरल्याचे शिक्के त्या पुस्तकात स्वच्छ दिसतात. घड्याळ त्याच सफरीत आले, याबद्दल घरात कोणाचेही दुमत नाही.

प्रश्न बंदराचा होता. जपानच्या देशांतर्गत बाजारासाठी सीकोने याच घड्याळाची ६३०६ ही वेगळी आवृत्ती काढली होती. तिच्या यंत्रात २१ माणके, म्हणजे फिरत्या भागांची झीज रोखणारे बारीक खडे, असतात आणि चावी ओढली की तिचा सेकंदकाटा थांबतो. १७ माणकांची आणि सेकंदकाटा न थांबणारी ६३०९ ही परदेशांत विकण्यासाठी होती. शिवाय आमच्या घड्याळात वाराचे नाव इंग्रजीतून आणि अरबीतून दिसते. कोबेच्या दुकानदाराने अरबी वार असलेले घड्याळ विकायला ठेवले असेल, हे मला पटत नाही. आखातातील एखादे बंदर अधिक संभवते. काकांना हे फोनवर सांगितले तेव्हा ते थोडे दुखावले. "वाराचा चाक मागसून बदललला आसात," एवढेच म्हणाले. तेही शक्य आहे, कारण ६३०९ हेच यंत्र सीकोने अनेक साध्या घड्याळांतही बसवले होते आणि त्यांचे भाग एकमेकांत चालतात.

पुण्यातील ज्या वयस्क घड्याळजींकडे मी गेले, त्यांनी डोळ्याला भिंग लावण्यापूर्वी घड्याळ कानाशी धरून हलवले. या यंत्राला चावी देता येत नाही. हाताच्या हालचालीने आतले अर्धवर्तुळाकार वजन फिरते आणि दोन नख्या असलेली एक छोटीशी दांडी, ते वजन कोणत्याही दिशेने फिरो, दातेरी चाकाला एका नखीने ओढून वा दुसरीने ढकलून कमान गुंडाळत राहते. वजन खुळखुळत होते, पण टिकटिक नव्हती. पाठ उघडली तेव्हा रबरी वायसराचे डांबर झालेले निघाले. चावीच्या दांडीवर गंज होता, तेल वाळून त्याचा पिवळा थर बसला होता, आणि तबकडीच्या खालच्या काठावर ओलाव्याचे ठिपके उमटले होते. कमानही थकली होती. "मशीन वाचेल ताई," ते म्हणाले, "पण दिसायला कसं हवंय, ते आधी ठरवा. नव्यासारखं करून देऊ का?"

हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. जुन्या सीकोसाठी नव्या तबकड्या, काटे, काचा आणि कडी सर्रास विकत मिळतात. जुनी तबकडी घासून तिच्यावर पुन्हा रंग आणि अक्षरे चढवून देणारे कारागीरही मुंबईत आहेत. केसला, म्हणजे यंत्राभोवतीच्या धातूच्या पेटीला, बफ मारला की ती आरशासारखी चमकते, मात्र तिच्या मूळच्या धारा कायमच्या गोल होतात आणि वरच्या बाजूवरील बारीक रेघांचा पोत नाहीसा होतो. अशी सजवलेली घड्याळे मी पाहिली आहेत, आणि ती मला वरातीच्या घोड्यासारखी वाटतात. मी बफला नकार दिला, तबकडीवरील ठिपके तसेच ठेवायला सांगितले. काट्यांवरील चमकणारा रंग केव्हाच विझला होता. तो नव्याने भरायलाही मी तयार नव्हते, पण घड्याळजींनी दाखवून दिले की त्याला तडे गेले आहेत आणि त्याची भुकटी यंत्रात पडू लागली तर सगळी मेहनत वाया जाईल. म्हणून काट्यांच्या पाठीमागून बारीक लेप देऊन तो जागच्या जागी पक्का केला. यापुढे तो अंधारात दिसणार नाही, आणि मला त्याची गरजही नाही.

सेकंदकाटा मूळचा नाही, हे त्यांनी पहिल्या नजरेत ओळखले. खात्रीचा जुना काटा मिळवून देतो म्हणाले, आणि एखाद्या संग्राहकाने तो आनंदाने बदलून घेतला असता. काकांना विचारल्यावर कळले की नव्वदच्या दशकात झाडावरून उतरताना काच फुटली, तेव्हा आबांनीच बाजारातील एका दुकानात काच आणि काटा दोन्ही बसवून घेतले होते. म्हणजे आबांनी आयुष्याच्या शेवटापर्यंत जो काटा पाहिला, तो हाच. तो मी राहू दिला. काच मात्र इतकी धुरकट झाली होती की ती बदलावी लागली.

मग वेळ आली बाहेरच्या फिरत्या कड्याची, म्हणजे बेझलची. पाण्यात उतरताना पाणबुड्या त्यावरील खूण मिनिटकाट्यासमोर आणतो, आणि पुढे खाली किती मिनिटे गेली हे त्याला नुसते पाहून कळते. आजच्या अशा घड्याळांत कडे एकाच दिशेने फिरते, जेणेकरून चुकून धक्का लागला तरी वेळ जास्त गेल्याचे दिसेल, कमी गेल्याचे कधीच दिसणार नाही. आमचे कडे जुन्या पद्धतीचे, दोन्ही बाजूंना फिरणारे आणि एका फेरीत साठ वेळा टकटकणारे. निदान तसे ते असायला हवे होते. प्रत्यक्षात ते जाम झाले होते. घड्याळजींनी पात्याने ते अलगद उचलले, आणि मी पुढे वाकून पाहू लागले, कारण इतक्या वर्षांच्या सफरींनंतर आत मीठ साचलेले असणार अशी माझी समजूत होती.

निघाली माती. आमच्या वाडीतली तांबडी, बारीक माती, घामातेलात भिजून विटेसारखी घट्ट झालेली. टकटक करणारी छोटी गोळी आणि तिची स्प्रिंग त्यातच पुरली गेली होती.

मला तेव्हा लहानपणीची मे महिन्यातली सकाळ आठवली. आबा विहिरीवरचा पंप सुरू करायचे आणि लगेच उजव्या हाताच्या दोन मातकट बोटांनी घड्याळाचे कडे फिरवायचे. एका पाटाला वीस मिनिटे. मग फावड्याने माती ओढून तो बंद करायचा, पोफळींच्या पुढच्या रांगेचे तोंड उघडायचे आणि पुन्हा कडे फिरवायचे. बोटीवर त्यांनी या कड्याचा कधी उपयोग केला असेल असे वाटत नाही, कारण इंजिनरूममध्ये चार तासांची पाळी घंटेने आणि भिंतीवरच्या घड्याळाने मोजली जाते. पाणबुड्यासाठी केलेली ही सोय खऱ्या अर्थाने वापरली गेली ती शिंपण्यासाठी, समुद्र कायमचा सोडल्यानंतर.

दुरुस्तीला सात आठवडे लागले. यंत्र पूर्ण सुटे करून धुतले, कमान नवी घातली, दांडी आणि सगळे वायसर बदलले. कड्याचा काळा रंग उडून राखाडी झाला आहे, तो तसाच आहे. घड्याळ आता दिवसाला दहा-बारा सेकंद पुढे जाते आणि घड्याळजींच्या मते या वयात ते उत्तम आहे. १५० मीटरचे काय, असे मी गमतीने विचारले, तर ते गंभीरपणे म्हणाले, "पावसाला चालेल. विहिरीत सुद्धा उतरू नका."

माझ्या मनगटाला ते फार मोठे होते, हे खरे आहे. कार्यालयात दोघांनी तसे बोलूनही दाखवले. मे महिन्यात गावी गेले तेव्हा काकांनी ते माझ्या हातातून काढून घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि कडे एक पूर्ण फेरी फिरवून त्याचा आवाज ऐकला. मग पंपाचे बटण दाबायला गेले ते घड्याळ हातात बांधूनच, आणि मला ते संध्याकाळपर्यंत परत मिळाले नाही.